कागदाचं बेल एक्स-१, तेही कोकणातल्या हवेत

पहिली गोष्ट, कात्री हातात घ्यायच्या आधी ठरवा की नक्की कुठलं विमान आणि कुठल्या दिवशीचं. "एक्स-१ करतोय", म्हणजे अमेरिकेच्या बेल कंपनीचं रॉकेट-विमान कागदात करतोय, एवढं पुरत नाही. मी पहिलं मॉडेल केलं तेव्हा नेटवर मिळेल तो फोटो बघत गेलो आणि शेवटी नाकावर उंच बाहेर आलेली काचेची कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं झाकण) लावून मोकळा झालो. ती एक्स-१ए ची, नंतरच्या लांब विमानाची. भाच्याने बघितल्या बघितल्या पकडलं, मामा हे दोन विमानांचं मिळून एक झालंय. तेव्हापासून मी आधी वहीत लिहितो: नंबर ४६-०६२, तारीख १४ ऑक्टोबर १९४७, वैमानिक चक येगर, माक १.०६ (आवाजाच्या वेगाच्या १.०६ पट). आवाजाचा वेग पहिल्यांदा सरळ उड्डाणात ओलांडला तो दिवस. मग त्याच विमानाचे फोटो बघायचे, बाकीचे बंद. नाकावर येगरच्या बायकोच्या नावावरून रंगवलेलं 'ग्लॅमरस ग्लेनिस', शेपटीवर ६०६२ आणि अंगभर नारिंगी रंग. जुने फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहेत, रंग त्यात शोधू नका, मूळ विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये टांगलेलं आहे, त्याचे रंगीत फोटो बघा.

स्केल १:३३ घ्या, कागदी विमानांत हेच जास्त चालतं. खरं विमान साधारण ९.४ मीटर लांब आणि पंख टोकापासून टोकापर्यंत ८.५ मीटर, म्हणजे मॉडेल साडेअठ्ठावीस सेंटीमीटर लांब आणि पंख पावणेसव्वीस. टीव्हीच्या बाजूला आरामात बसतं. कापायच्या भागांची प्रिंट काढताना झेरॉक्सवाला सवयीने 'फिट टू पेज' करतो, त्याला डोक्यावर उभं राहून 'अ‍ॅक्चुअल साइज' करायला लावा. पानावर स्वतःच एक रेघ टाकून ठेवा, १:३३ ला खरा एक मीटर म्हणजे ३०.३ मिलिमीटर, पट्टी लावून तिथेच बघायचं, कमी भरली तर पैसे द्यायचे नाहीत.

कागद १६० ते २०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे जाडसर). आणि प्रिंट लेझर, इंकजेट नको, कारण आमच्याकडे गुहागरला जुलैत हवाच इतकी ओली की इंकजेटचा नारिंगी बोटाला लागतो. कागद दमट झाला की गोल वळवलेला भाग दुसऱ्या दिवशी परत उलगडलेला दिसतो. म्हणून कापलेले तुकडे तांदळाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या (तांदूळ खायचे नसलेले घ्या, नाहीतर घरचे तुमचंच विमान करतील). चिकटवायला फेविकॉल, पण बाटलीतून सरळ नाही, झाकणात थेंब काढून टूथपिकने. खळ वापरू नका, झुरळं रात्रीत शेपटी खातात, अनुभव आहे.

खरी कसोटी नाकाची. बेलच्या लोकांनी आकार घेतला तो ०.५० कॅलिबरच्या बंदुकीच्या गोळीचा, कारण ती गोळी आवाजाच्या पुढच्या वेगातही स्थिर जाते हे माहीत होतं. कागदाला मात्र दोन्हीकडून वळायचं माहीत नसतं, त्यामुळे नाक पाकळ्या कापून जुळवायचं. उकडीच्या मोदकाच्या कळ्या जशा एकेक आत दाबत नेतात तसंच हे, सगळ्या एकदम ओढल्या तर टोक वाकडं. आधी प्रत्येक पाकळी चमच्याच्या पाठीने तळहातावर घासून थोडी खोलगट करा, मग समोरासमोरच्या दोन जोडा, मग मधल्या. मधे दहा मिनिटं चहा प्या.

धडाच्या आतल्या गोल पुठ्ठ्याच्या चकत्या मात्र छापल्यात तशाच कापल्या तर बसत नाहीत. कागद ०.२ मिलिमीटर जाड असेल तर चकतीचा व्यास ०.४ ने कमी करायचा, बाहेरून कापू नका, घासा. पुठ्ठा लग्नपत्रिकेचा उत्तम. कापलेली पांढरी कड नारिंगी रंगपेन्सिलीने आधीच रंगवा, चिकटवल्यावर ते होत नाही आणि सगळ्या जोडांवर पांढऱ्या रेघा राहतात.

पंख सरळ, मागे झुकलेले नाहीत, आणि पातळ. या विमानाचा पंख ८ टक्के जाडीचा, मागचा आडवा पंख त्याहून पातळ ६ टक्के. म्हणजे पंखाची रुंदी ५ सेंटीमीटर असेल तिथे जाडी फक्त ४ मिलिमीटर. लोक आत स्पंज नि काय काय भरून गुबगुबीत करतात, अजिबात नको, एक पातळ पुठ्ठ्याची पट्टी पुरते. मागे इंजिनाची चार तोंडं, ती पेनाच्या रिफिलवर गुंडाळून होतात.

चाकं? मी आत मिटलेलीच करतो, कारण त्या दिवशी हे विमान बी-२९ या मोठ्या बॉम्बर विमानाच्या पोटाखालून हवेत सोडलं होतं. उभं करायला माडाच्या झापाचा एक जाड हीर, खाली नारळाची करवंटी.

आणि एक चिमूटभर काम कुणालाही दिसणार नाही तरी करा. येगर दोन दिवस आधी घोड्यावरून पडून बरगड्या मोडून बसला होता, उजव्या बाजूचं दार ओढून लावता येईना, तेव्हा त्याच्या टीममधल्या इंजिनिअर जॅक रिडलीने त्याला झाडूच्या दांड्याचा तुकडा दिला होता, लिव्हर म्हणून. दार चिकटवायच्या आधी मी हिराचा बारीक तुकडा आत ठेवतो आणि मगच बंद करतो. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.