सोलापुरात घर ठरवण्याआधी दुपारी चारला जा

सोलापुरात राहायला येणारे बहुतेक जण घर सकाळी पाहतात आणि मे महिन्यात पस्तावतात. इथं उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो.

१. दुपारी चारला जा. पश्चिमेच्या भिंतीला आणि स्लॅबखाली हात लावून बघा. वरचा मजला शक्यतो नकोच.

२. पाण्याचं मालकाला नाही, शेजारच्या काकूंना विचारा: "नळ किती दिवसांआड येतो, किती वाजता?" उजनी धरणाचं पाणी असलं तरी रोज येत नाही. म्हणून हौद केवढा आहे, ते झाकण उघडून बघाच.

३. रात्री नऊनंतर त्याच गल्लीतून पायी फिरा. दिवे लागतात का, बायका-मुली निर्धास्त ये-जा करतात का, लगेच कळतं.

हे तिन्ही होईपर्यंत डिपॉझिट देऊ नका.