अंगोराचा हलका स्वेटर घरी कसा विणावा

अंगोरा लोकर अंगोरा सशाची. त्याच नावाच्या बकरीची लोकर म्हणजे मोहेर. सशाचे हे केस मऊ आणि फार ऊबदार, पण ते ताणले की पुन्हा पूर्ववत होत नाहीत. नुसत्या अंगोराचा स्वेटर लोंबतो आणि बॉर्डर सैल पडते, म्हणून मेंढीची लोकर मिसळलेला बारीक धागा घ्या.

विणायला ४ मिमीच्या लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्या. धातूच्या सुयांवरून टाके सटकतात. वीण सैलच हवी. पहिल्या चार ओळी जाळीसारख्या विरळ दिसतील, दिसू द्या. धुतल्यावर लव फुलते आणि मधल्या फटी भरतात. घट्ट विणलंत तर लवीला फुलायला जागाच उरत नाही.

आधी १५ सेंमीचा चौकोनी नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मगच १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. इथे आळस केला की पुढे उसवावं लागतं, आणि अंगोरा उसवणं म्हणजे शिक्षा! लव एकमेकांत अडकते, धागा तुटतो.

समजा १० सेंमीत २० टाके आले आणि छाती ९० सेंमी आहे. सैलपणासाठी १० सेंमी वाढवा. म्हणजे पुढचा भाग ५० सेंमी, १०० टाके. शिवणीचे २ मिळून १०२. एक सुलट, एक उलट अशी ५ सेंमी बॉर्डर ३.२५ मिमीच्या सुईवर विणा. मग मोठ्या सुईवर एक ओळ सुलट, एक उलट. मुंढ्याला (बाही जोडतो त्या जागेला) आकार देऊ नका, सरळ वर जा. खांद्याच्या ८ सेंमी आधी मधले २० टाके बंद करा आणि दोन्ही बाजूंना गळ्याकडे एकाआड एक ओळीत एकेक टाका असे १० घटवा. दोन्ही खांद्यांना ३१-३१ टाके उरतील. पाठही अशीच, फक्त गळ्याची खोली नको. शेवटी मधले ४० टाके बंद करा.

खांदे शिवून झाले की खांद्याच्या शिवणीपासून पुढे आणि मागे २०-२० सेंमी मोजून कडेवरून ८० टाके उचला आणि बाही खाली विणत जा. दर सहाव्या ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका घटवून ४६ वर आणा. मनगटाला आणि गळ्याला पुन्हा बारीक सुईची बॉर्डर. शेवटी बाजू आणि बाह्या शिवा.

विणताना लव उडते, तेव्हा काळे कपडे घालून बसू नका.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नाहीतर लोकर आक्रसून तिचा नमदा, म्हणजे घट्ट जाड थर होतो. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील.