ऐरोलीच्या पिनकोडची चिरफाड

शिकवणीत ‘मोठी संख्या कशी फोडायची?’ असं कुणी विचारलं की मी ऐरोलीचाच पिनकोड देते: ४००७०८. लाइट बिलाची मागची बाजू आणि पेन्सिल पुरे.

शेवटचे दोन अंक ०८, म्हणजे चारने भाग जातो. अंकांची बेरीज १९, म्हणून तीनला रजा. शेवटी शून्य किंवा पाच नाही, पाचचाही प्रश्न मिटला.

आता खरी गंमत. १००१ म्हणजे ७ × ११ × १३. म्हणून संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि वजाबाकी करा: ७०८ − ४०० = ३०८. याला सात आणि अकराने भाग जातो, तेराने नाही. ४००७०८ चंही अगदी तेच, कारण ४००७०८ = ४०० × १००१ + ३०८. एका वजाबाकीत तीन कसोट्या! पाठ्यपुस्तकं हे कोपऱ्यात का टाकतात, कळत नाही.

४, ७, ११ काढले की उरतात १३०१. ३७ चा वर्ग १३६९, म्हणून ३१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. एकानेही भाग जात नाही, म्हणजे १३०१ मूळ.

४००७०८ = २² × ७ × ११ × १३०१

विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणा: ३ × २ × २ × २ = २४. स्वतःला वगळून त्यांची बेरीज ४,७४,२३६, संख्येहून जास्तच!

वाशीच्या ४००७०३ ला हीच युक्ती लावा. ३०३ येतात, आणि सात, अकरा, तेरा तिघंही हात वर करतात.