लोड-बेअरिंग भिंत काढून गर्डर बसवणे: दोन चॅनेलची पद्धत

नऊ इंची भिंत काढून हॉल मोठा करायचा, तर ती किती वजन पेलते ते आधी कागदावर उतरवा. दोन्ही बाजूंना ३-३ मीटरच्या खोल्या आणि वर १२५ मिमीचा स्लॅब असेल, तर दर मीटरला माणसं-सामान धरून साधारण १.८ टन येतात. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत असेल, तर तिचे दीड टन आणखी, शिवाय तिच्या डोक्यावरचा स्लॅब. म्हणून चॅनेलचा (इंग्रजी C आकाराच्या लोखंडी तुळईचा; असे दोन जोडले की गर्डर) आकार स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल, फॅब्रिकेटर नव्हे. पालिकेची परवानगीही हवीच.

३ मीटरच्या गाळ्याला (भिंत काढून होणाऱ्या मोकळ्या अंतराला), एकाच स्लॅबसाठी, बरेचदा २०० मिमीचे दोन चॅनेल पुरतात. दोन्ही टोकांना ३०० मिमी टेकण धरून प्रत्येकी ३.६ मीटर, वजन ८० किलोच्या आसपास. बोल्टची भोकं आधीच पाडून आणा.

भिंतीपासून पाऊण मीटरवर, दोन्ही बाजूंना, दर मीटरला जॅक (स्लॅब तोलणारे, फिरवून उंच होणारे लोखंडी टेकू) लावा. वर-खाली जाड फळी. खाली मजला असेल तर तिथेही त्याच रेषेत जॅक हवेत. स्लॅबला घट्ट टेकले की थांबा, जास्त फिरवले तर स्लॅबलाच तडा जातो.

गर्डरची टोकं जिथे टेकणार तिथे भिंतीच्या पूर्ण रुंदीचे, ४५० मिमी लांब, १५० मिमी जाड एम-२० ग्रेडच्या काँक्रीटचे ठोकळे भरा आणि ७ दिवस पाणी मारा. भिंत मातीत बांधलेली असेल तर ठोकळ्यावर भागत नाही, पायापासून खांब घ्यावा लागतो.

आता एकाच बाजूने स्लॅबखाली ८० मिमी खोल, २२५ मिमी उंच खाच ग्राइंडरने कापा. घण लावू नका, जुन्या विटांचे सांधे सुटतात. पहिला चॅनेल सपाट पाठ आत करून सरकवा, वरच्या फटीत दर ३०० मिमीवर लोखंडी पाचर ठोका. सगळं काम या फटीवर अवलंबून आहे. एकास दोन सिमेंट-वाळूचा माल इतका कोरडा हवा की मुठीत गोळा वळेल, पण तळहात ओला होणार नाही. तो लाकडी ठोकळ्याने ठासा. पातळ माल आटतो, केसाएवढी फट राहते, आणि जॅक काढताच स्लॅब तेवढा खाली येतो.

तीन दिवसांनी दुसरी बाजू तशीच करा आणि दर ६०० मिमीवर १६ मिमीचे बोल्ट आरपार कसा. सात दिवसांनी खालची भिंत वरून खाली, अर्ध्या-अर्ध्या मीटरने काढा. मधल्या विटा पडू नयेत म्हणून प्रत्येक टप्प्याला खालून ६ मिमीची प्लेट वेल्ड करा.

जॅक मधल्यापासून टोकांकडे, पाव-पाव फेरा सोडा. गर्डर ३ मिमीपर्यंत लवला तर चालतं. १० मिमीकडे झुकू लागला तर जॅक परत लावा आणि इंजिनिअरला बोलवा. मग गंजरोधक रेड ऑक्साइड रंग, कोंबडी जाळी आणि प्लास्टर. जाळीशिवाय लोखंडावर प्लास्टर धरत नाही.