कमी दिवसांच्या बाळाच्या लसी: तारीख कुठून मोजायची आणि घरी काय बघायचं

बाळ सातव्या-आठव्या महिन्यात झालं असेल तर घरात कोणीतरी म्हणतंच, अजून किती नाजूक आहे, जरा अंग धरू दे मग टोचू. प्लीज थांबू नका. आईकडून बाळाला मिळणाऱ्या अँटीबॉडीज (रोगांशी लढणारे घटक) मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात आणि ह्या बाळांना तो वेळच मिळालेला नसतो, त्यात फुफ्फुसं कच्ची, म्हणजे लस ज्यापासून वाचवते तो डांग्या खोकला त्यांनाच जास्त जड जातो.

बाळाची तब्येत स्थिर असेल तर दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी जन्मतारखेपासूनच मोजायच्या, ड्यू डेटपासून नाही, आणि डोस पूर्णच, बाळ छोटं म्हणून अर्धा नाही. फरक पडतो तो जन्माच्या वेळच्या लसींत. बीसीजी (क्षयाची लस) बऱ्याचदा डिस्चार्जच्या वेळी देतात. वजन २ किलोच्या आत असेल तर हिपॅटायटिस बी (काविळीचा एक प्रकार) च्या लसीचं डॉक्टरांना नक्की विचारा, कारण ते आईच्या हिपॅटायटिस बी च्या रिपोर्टवरही ठरतं. डिस्चार्ज घेताना कार्डावर काय दिलं आणि काय राहिलं ते लिहून घ्या, नंतर आशाताईंना किंवा दुसऱ्या डॉक्टरांना तेच लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरोदरपणाच्या २८ आठवड्यांच्या आसपास किंवा त्याआधी झालेलं बाळ असेल, किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) श्वास थांबायचा त्रास झाला असेल, तर दीड महिन्याची लस देण्याआधी हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. अशा काही बाळांना लसीनंतर २-३ दिवसांत श्वास मधेच थांबणं, ठोके मंदावणं असं होऊ शकतं, म्हणून पहिला डोस हॉस्पिटलमध्ये मॉनिटरवर ठेवून देतात, आणि त्या वेळी त्रास झाला तर पुढचाही तसाच देतात. लस बंद करत नाहीत.

बाकीच्यांनी टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, बाळाला छातीशी घेऊन पाजा. घरी आल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप, किरकिर, मांडी लाल होणं चालतं. मांडी चोळू नका, हळद-तेल काही लावू नका. पॅरासिटामॉल वजनावर मोजून, डॉक्टरांनी लिहून दिलं तेवढंच, शेजारच्या बाळाचा डोस आपल्या बाळाला नको. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन पू होतो, ते अपेक्षितच आहे, फोडू नका.

रात्री दिवा लावून श्वास बघा. २० सेकंद श्वास थांबला, ओठ निळसर झाले, बाळ लुळं पडलं, दूध ओढेना, ताप १००.४ च्या वर गेला किंवा अंग गार पडलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा.