इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं गेज कसं ठरवावं

नऊच्या तारांवर शिकायचं, बोटं तयार झाली की दहावर जायचं आणि खरे वादक अकराच वापरतात, हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. त्यापायी कितीतरी जणांनी हात दुखवून घेतले आहेत. गेज म्हणजे तारेची जाडी, शाळेतल्या इयत्ता नव्हेत. गिटारची लांबी, तुम्ही लावता तो सूर आणि तुमचा हात, या तिघांना मानवेल असा ताण शोधायचा असतो. तो एका गिटारवर नऊने मिळेल, दुसरीवर अकराने.

सेटचा आकडा म्हणजे पहिल्या, सगळ्यांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. नऊचा सेट साधारण ०.००९ ते ०.०४२ इंच, दहाचा ०.०१० ते ०.०४६. हजाराव्या भागाचा फरक तो काय, असं वाटतं. पण ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेपंचवीस इंची गिटारवर पहिली तार नऊऐवजी दहाची लावली, की तिच्यावरचा ताण सुमारे ६ किलोवरून जवळजवळ साडेसात किलोवर जातो. बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना, बोटाला तो लगेच कळतो.

१. गिटारची लांबी मोजा

नट म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी. तिथपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं, म्हणजे नेकवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपर्यंतचं, अंतर घ्या आणि दुप्पट करा. स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर २५.५ इंचाच्या, लेस पॉल साधारण २४.७५ इंचाची. तोच सेट त्याच सुराला आखूड गिटारवर सुमारे ६ टक्के सैल लागतो.

२. सूर कुठे लावणार ते आधी ठरवा

अर्धा स्वर उतरवला की ताण ११ टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण स्वर उतरवला की २० टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणून माझा नियम सोपा आहे: पूर्ण स्वर उतरवून वाजवणार असाल तर एक गेज वर चढा, हाताला ताण जवळपास पहिल्यासारखाच लागतो.

नामवंतांची उदाहरणं देणारे नेमकं हेच विसरतात. ब्लूज वादक स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या तारा वापरायचा हे सगळे सांगतात, पण तो अर्धा स्वर उतरवून वाजवायचा हे अर्धेच सांगतात. उतरवलेल्या तेराचा ताण नेहमीच्या सुरातल्या बाराच्या सेटच्या आसपास येतो. तोही थोडा नव्हे, पण तेरा तर नक्कीच नव्हे. आणि जाड तारेशिवाय भरदार आवाज येत नाही असं म्हणणाऱ्यांनी सातच्या तारांवर वाजवणारा झीझी टॉपचा बिली गिबन्स ऐकावा. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने तर १९६५ साली कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गमावल्यावर बारीक तारा मुद्दाम शोधून लावल्या. त्याच्या आवाजाला कुणी पातळ म्हणून दाखवावं.

३. आपला हात ओळखा

बेंड आणि व्हिब्राटो (दाबलेली तार हलवून सूर थरथरवणं) जास्त, तर बारीक. जोरकस ऱ्हिदम, तर जाड. तुम्ही बोटं घट्ट दाबत असाल तर बारीक तारेवर कॉर्डचा सूर चढतो, हे मात्र तपासा. एक साधा कॉर्ड हळुवार धरून वाजवा, मग नेहमीच्या जोराने धरून वाजवा. दोन्हींत फरक ऐकू आला तर एक गेज वर जाऊन बघा.

काहीच सुचत नसेल तर २५.५ इंचाच्या गिटारवर नऊ, २४.७५ च्या गिटारवर दहा लावा आणि पुढच्या पायरीवर या.

४. तारा बदलल्यावर गिटार त्या तारांना बसवा

सगळी गफलत इथे होते, आणि माझीही इथेच झाली होती. मी नऊवरून एकदम अकरावर गेलो. तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि तासाभरात ठरवून टाकलं की अकरा आपल्या हाताच्या नाहीत. एफचा बार कॉर्ड धरताना तर्जनी ठणकत होती आणि वर सूरही चढत होता. पुढे वर्षभर मी इतरांनाही ‘अकराच्या वाटेला जाऊ नका’ असं सांगत राहिलो. तीच गिटार नीट बसवल्यावर अकराच्या तारा मला सहज वाजवता आल्या. म्हणजे मी अकराचा ताण पारखलाच नव्हता. पुढे वाकलेल्या नेकवरची, नटमध्ये उंच बसलेली तार पारखली होती.

नऊच्या सेटमध्ये सहाही तारा मिळून नेकला साधारण ३८ किलोने ओढतात, दहाच्या सेटमध्ये ४६ किलोने. एवढं ओझं वाढलं की नेक पुढे झुकणार आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जाणार. उलट, जाडवरून बारीकवर आलात तर नेक मागे जाते आणि फ्रेटवर तारा खरखरतात.

नेक तपासायला महागडं साधन लागत नाही. दहाच्या जुन्या सेटमधल्या पहिल्या तारेचा बोटभर तुकडा कापून ठेवा. त्याची जाडी जवळजवळ पाव मिलिमीटर असते. गिटार सुरात लावा, सहावी तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथेही दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालच्या फटीत तो तुकडा सरकवा. किंचित घासत गेला तर नेक ठीक आहे. मोकळा खेळला तर ती पुढे वाकली आहे. तारेला वर उचलत गेला तर गरजेपेक्षा सरळ आहे.

बहुतेक गिटारींत ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची कांब, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळला की नेक सरळ होते, उलट फिरवला की पुढे येते. एका वेळी पाव फेरा, त्याहून तसूभरही जास्त नाही. आवळण्याआधी तारा थोड्या सैल करा, मग पुन्हा सुरात लावून पुन्हा मोजा. ट्रस रॉडचा नट फिरायला अडत असेल किंवा पान्याला नीट पकड येत नसेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. जोर लावून मोडलेला ट्रस रॉड म्हणजे बहुधा नेकच गेली.

यानंतर तारांच्या खाचांचा नट. नऊसाठी कोरलेल्या खाचेत अकराची तार रुतते. खुंटी पिळताना ‘टक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, ही त्याची खूण. लोक खुंट्यांना दोष देऊन त्या बदलतात आणि गिटार तशीच बेसूर राहते. रुतणं थोडं असेल तर शिसपेन्सिलीचं ग्राफाइट खाचेत घासल्याने काम भागतं. जास्त असेल तर खाच त्या मापाच्या कानशीनेच रुंद करावी लागते, आणि हे मी अजूनही हात बसलेल्या माणसाकडून करून घेतो, कारण खोल गेलेली खाच परत वर येत नाही. बारीक तारांकडे परतताना याच्या उलट होतं. रुंद खाचेत सुटी तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते.

ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) तरंगता, म्हणजे स्प्रिंगांवर हलणारा, असेल तर जाड तारा त्याला पुढे ओढून मागून वर उचलतात. मग एक तार लावावी तर बाकीच्या पाच उतरतात, आणि तुम्ही संध्याकाळभर खुंट्या पिळत बसता. माझ्या कितीतरी संध्याकाळी अशा गेल्या. उपाय असा: ब्रिज जिथे समपातळीत हवा तिथे मागच्या बाजूला, म्हणजे नेकपासून लांबच्या अंगाला, ब्रिजचा ठोकळा आणि बॉडी यांच्या फटीत, नेमक्या मापाची लाकडी चिप घट्ट बसवा. ब्रिज हलेनासा झाला की सगळ्या तारा निवांत सुरात लावा. आता मागच्या खोबणीतले स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळत जा. स्प्रिंगांचा ताण तारांच्या ताणाइतका झाला की चिप सैल होऊन आपोआप गळून पडते आणि सूर हलत नाही. स्क्रू संपत आले तरी चिप सुटली नाही तर एक स्प्रिंग वाढवा.

मग अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर खरा येणं) नेहमीसारखं लावून घ्या.

५. निदान आठ-दहा दिवस वाजवा

पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. नव्या तारा ताणल्या जाऊन स्थिरावायला वेळ घेतात आणि बोटांनाही तेवढाच वेळ लागतो. आठवड्यानंतरही व्हिब्राटो आखडत असेल तर गेज खाली आणा. अर्ध्या पायरीचे, साडेनऊचे सेटही मिळतात, आणि नऊ-दहामध्ये अडकलेल्यांनी ते जरूर बघावेत.

६. सगळा सेट एकाच मापाचा हवा असं नाही

सहावी तार डीवर उतरवून वाजवणाऱ्यांना वरच्या तारा बारीक आणि खालच्या जाड असलेला सेट सोयीचा पडतो: ०.००९ ते ०.०४६ किंवा ०.०१० ते ०.०५२. उतरवलेली सहावी त्यात लोळत नाही आणि बेंड हलकेच राहतात. एकच तार खटकत असेल तर तेवढी सुटी आणून बदला. मी दहाच्या सेटमध्ये सतराची तिसरी काढून अठराची लावतो, कारण माझ्या हाताखाली सतराच्या तारेचा सूर दाबताना चढतो.

जमलेल्या सेटची सहाही मापं गिटारच्या पेटीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेच गेज लावलंत तर नेक, नट आणि ब्रिज यांतल्या कशालाच सहसा हात लावावा लागत नाही.