जॅकने वाकलेली गाडीखालची कड सरळ कशी करावी

दारांच्या खाली, गाडीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची एक उभी कड असते. दोन-तीन पत्रे एकमेकांना चिकटवून स्पॉट वेल्डिंग केलं की ती तयार होते. जॅक भलत्या जागी लागला की हीच कड आडवी होते. दिसायला किरकोळ वाटतं, पण गाडीचा सांगाडा इथेच जोडलेला असतो.

आधी टॉर्च घेऊन बघा. कडेवर थोड्याथोड्या अंतराने शर्टाच्या बटणाएवढे गोल खळगे दिसतील, ते वेल्ड. तिथे पत्रे सुटलेत, पत्रा फाटलाय, गंजाचे पापुद्रे निघतायत किंवा दार लावताना घासतंय, तर पुढे जाऊ नका, गाडी बॉडीशॉपला द्या. डेंट कडेच्या वर, पोकळ पट्टीत किंवा फ्लोअरमध्ये शिरला असेल तरी तेच. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तिथेच शेजारी असते. तिला मार लागल्याची नुसती शंका असली तरी हात लावू नका.

काम घरी होण्याजोगं असेल तर गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या, इग्निशन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी (अडसर) लावा. मॅन्युअलमधली दुसरी शाबूत जागा पाहून जॅक लावा आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप कुठून गेलेत तेही पाहून ठेवा.

आता रुंद जबड्याची लॉकिंग पकड (दाबली की घट्ट अडकून राहणारी) घ्या आणि कड तिच्यात धरून सरळ करत चला. सुरुवात डेंटच्या टोकांकडून, जिथे वाक कमी आहे तिथून करा आणि हळूहळू मध्याकडे या. एका दमात सरळ करू नका, दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. वाकलेला पत्रा कडक झालेला असतो. पुढेमागे हलवत राहिलात तर चीर जाते. उरलेली लाट काढायला मागे जड लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीने हलके ठोके द्या. गॅसने तापवायचा मोह मात्र टाळा. या भागात बहुधा उच्च ताकदीचं पोलाद असतं आणि उष्णतेने ते मऊ पडतं. शेवटचा मिलिमीटरभर वाक राहिला तर खुशाल राहू द्या.

माझ्या मते खरी दुरुस्ती इथून पुढे आहे. वाकताना रंग तडकतो, पत्र्यांच्या फटीत पाणी जातं आणि कड आतून गंजते. सुटलेला रंग वायर ब्रशने काढा, ८० आणि मग १८० नंबरच्या पेपरने घासा, थिनरने पुसून कोरडं करा. त्यावर इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीम सिलंट (फट बुजवणारा लेप), मग रंग आणि अंडरबॉडी कोटिंग. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. पाणी निचरायची भोकं बुजवू नका. पुटी इथे नकोच. ती ताकद देत नाही आणि तडकली की खाली ओल धरते.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टॉर्च मारा. जोडावर तपकिरी रेघ दिसली तर तिथलं सिलंट खरवडून तेवढा भाग नव्याने करा.